तात्पर्यराव शेवटपर्यंत बघत नाहीत

माझ्या धाकट्या भावाने उभ्या आयुष्यात एकही सिनेमा शेवटपर्यंत बघितलेला नव्हता, आणि सिनेमावरच त्याचं पोट चालायचं. ऐकणाऱ्याला थाप वाटते. पण मी त्याची सख्खी मोठी बहीण, मी कशाला त्याच्या नावाने थापा मारू?

त्याचा धंदा असा. मोठ्या कंपन्या आपल्या माणसांना अधूनमधून एका हॉलमध्ये कोंडतात आणि त्यांना सुधारायला बाहेरून कुणालातरी बोलावतात. तो बाहेरचा म्हणजे आमचा भाऊ. विमा विकणारे असोत, टायर विकणारे असोत, नर्सा असोत, हा पडद्यावर एखाद्या गाजलेल्या सिनेमाचा दोन-तीन मिनिटांचा तुकडा लावायचा. ऐन रंगात आला की बटण दाबून चित्र थांबवायचं, दिवे लावायचे आणि हात चोळत विचारायचं, "तर मंडळी, यातून आपण काय शिकलो?" कधी सिनेमाऐवजी लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक. घरात एक अख्खं कपाट त्या पुस्तकांनी भरलेलं, आणि प्रत्येकातून रंगीत कागदांच्या जिभा बाहेर आलेल्या. पिवळी जीभ म्हणजे नेतृत्व, हिरवी म्हणजे चिकाटी, गुलाबी म्हणजे एकमेकां साहाय्य. छत्री हरवलेल्या सशाच्या गोष्टीतून याने वेळेचं नियोजन काढलं होतं. मी म्हटलं, "अरे, सशाला विचारलंस का?" तर म्हणाला, "ताई, ससा निमित्त आहे." तेव्हापासून मी त्याला तात्पर्यराव म्हणायला लागले. नाव असं चिकटलं की त्याची बायकोही त्याच नावाने हाक मारायची.

ही खोड लागली आमच्या वडिलांमुळे. वडील थिएटरच्या दाराशी तिकिटं फाडायचे. मालकाच्या नजरेला पडू नये म्हणून ते आम्हा दोघांना अंधार झाल्यावर आत सोडायचे आणि दिवे लागायच्या आत कानाला धरून बाहेर काढायचे. सुरुवात नाही, शेवट नाही, फुकटात मिळेल तेवढा मधला मेवा. आईला सिनेमा म्हणजे मुलं बिघडायचं औषध वाटायचं, म्हणून घरी येताना वडील रस्त्यातच आमची उजळणी घ्यायचे. "आईने विचारलं तर काय सांगाल? काय शिकलात?" मी म्हणायचे, "मारामारी झकास होती." मला टपली. भाऊ म्हणायचा, "कष्टाचं फळ मिळतंच." त्याच्या पाठीवर थाप. पुढे मी शिवणकामाला लागले, कपडे उसवून-आवळून द्यायचं दुकान टाकलं. तो त्या थापेच्या मागे मागे गेला आणि बरा मोठा झाला, शिकला, चांगले बूट घालायला लागला.

त्याच्या हॉलमध्ये एक कायदा होता. कुठलंच उत्तर चूक नसतं. पडद्यावर माणूस बुडता बुडता वाचला आणि एखादा टायरवाला उठून म्हणाला की यातून आपण शिकलो, पाण्याच्या वाट्याला जाऊ नये, तरी हा म्हणणार, "अगदी बरोबर!" आणि टाळ्या वाजवणार, बाकीच्यांनाही वाजवायला लावणार. मी एकदा विचारलं, "आणि ठार चुकीचं बोलला कुणी तर?" तो म्हणाला, "ताई, माणसाला एकदा चूक म्हटलं की तो पुन्हा तोंड उघडत नाही. मग माझा दिवस वाया." हे मला पटलंही होतं. आम्हाला शाळेत ज्यांनी चूक चूक म्हटलं त्यांच्यापुढे आम्ही कुठे पुन्हा तोंड उघडलं?

त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, लोकांचे डोळे तपासायची. कामाने तिला वाईट सवय लावली होती, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघायची. सिनेमा लावला की शेवटची नावं वर सरकून पडदा काळा होईपर्यंत ती जागची हलायची नाही, आणि मुलीला शेजारी घेऊन बसायची. हा मात्र आपल्याला हवा तो तुकडा मिळाला की उठायचा. "अरे, पुढचं बघ की," ती म्हणायची. "पुढचं घेऊन काय करू?" हा म्हणायचा. मुलगी तिच्यावर गेलेली. घरातलं नाव बिट्टी.

ती भावजय आजारी पडली आणि थोडक्यात गेली. चौथीतल्या मुलीला घेऊन मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते. भाऊ आतून आला, म्हणाला, "झालं, ताई," आणि मग त्याने कागदांवर सह्या केल्या, डॉक्टरांचे आभार मानले, गाडी लावायला जागा दिल्याबद्दल वॉचमनचेही मानले. रडला नाही. त्याच आठवड्यात हॉलमध्ये उभा राहिला. लोक म्हणाले, काय खंबीर माणूस आहे.

खंबीर माणसाला कंपन्यांनी लगेच नवा विषय दिला. संकटातून उभारी. याने तो घेतला. मी एकदा गेले होते बघायला, मागच्या खुर्चीत बसले. त्या दिवशी त्याने सिनेमा लावलाच नाही. आपल्या बायकोचं आजारपण सांगितलं, सिनेमाच्या तुकड्याएवढंच, नीट बेतलेलं, आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबला. मग हात चोळून विचारलं, "तर यातून आपण काय शिकलो?" पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "तपासण्या वेळच्या वेळी करून घ्याव्यात." "अगदी बरोबर," हा म्हणाला. टाळ्या पडल्या. मला राग यायला हवा होता. एरवी माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, गिऱ्हाईकं घाबरून असतात. पण काहीच आलं नाही. मीही दोन टाळ्या वाजवल्या, उगाच, बाकीचे वाजवत होते म्हणून.

तेव्हा मी माझं मशीन उचलून त्याच्या घरी राहायला गेले होते. खिडकीपाशी मशीन लावलं आणि दुकानातलं अर्धं काम तिथेच करायला लागले. घरात तीन माणसं, आणि आवाज काय तो मशीनचा. सकाळी पावाला लोणी लावायचं, अंडी उकडायची, बिट्टीचा डबा भरायचा. ती न बोलता न्यायची, न बोलता धुऊन ठेवायची. भाऊ कामावरून आला की खुर्चीत बसायचा आणि बूट काढायचं विसरायचा. मी सांगितलं की काढायचा. बायकोची कपाटातली बाजू आम्ही उघडली नाही, कुलूप नव्हतं तरी. कुणी ठरवलं नव्हतं, आपलं तसंच चाललं होतं. मला कुणी विचारलं असतं की तुम्ही दुःखात आहात का, तर मी म्हटलं असतं, नाही बुवा, आम्ही जरा कामात आहोत.

मग परीक्षा संपली आणि बिट्टीची मावशी आली. भावजयीची धाकटी बहीण, दुसऱ्या गावाला असते, तिची दोन मुलं बिट्टीच्याच आगेमागे. बाई सरळ आहे, पोटात एक ओठात एक असला प्रकार नाही. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "पोर वाळत चाललीय. मी तिला घेऊन जाते. सुट्टीत राहील, रमली तर तिथेच शाळेत घालू." भाऊ म्हणाला, "हो, विचार करण्यासारखं आहे." मावशी म्हणाली, "भावोजी, विचार नका करू. तुम्ही तिला 'राहा' म्हणालात तर मी एक शब्द काढणार नाही, आल्या पावली जाईन. पण कुणीतरी तिला राहा म्हणायला तर हवं ना." तो म्हणाला, "तिचा निर्णय तिने घ्यावा." मावशीने माझ्याकडे बघितलं. मी कप उचलले.

त्या संध्याकाळी मी बिट्टीच्या फ्रॉकची शिवण सोडत होते, पोर उंच झाली होती. ती मशीनजवळ येऊन उभी राहिली. मी विचारलं, "काय गं, जायचंय का तुला मावशीकडे?"

"बाबा राहा म्हणाला तर राहीन," ती म्हणाली.

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर जाईन."

इतकं सोपं होतं. मी तशीच उठले, हातात कात्री, आणि भावाला जाऊन सांगितलं. "पोर राहायला तयार आहे. तिला फक्त राहा म्हण. एक शब्द आहे, एक घाव दोन तुकडे."

"तिच्यावर दडपण येईल, ताई."

"येऊ दे की. बापाचं दडपण नाही यायचं तर कुणाचं यायचं?"

त्याने कपाळ चोळलं. "मला तसं थेट बोलता येत नाही. तोंड उघडतो आणि आतून काही येतच नाही. मी माझ्या पद्धतीने विचारतो तिला."

रविवारी सकाळी त्याने तयारी केली. मला वाटतं, त्याने टायर कंपनीसाठीही इतकी कधी केली नसेल. पडदे ओढले, टीव्हीसमोर दोन खुर्च्या मांडल्या, पाण्याचा ग्लासही ठेवला, हॉलमध्ये ठेवतात तसा. बिट्टीला बसवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, एक डोळा दुधावर. त्याने निवडला होता कार्टूनचा सिनेमा, मुलांना आवडतो तो, एका पाणमांजराचा. बाप पाणमांजर नदीकाठी उभं आहे, पायाला लागलेलं, पोहता येत नाही. त्याची पोर बाकीच्या कळपाबरोबर खालच्या अंगाला निघालीय, लांब, उबेच्या पाण्याकडे. बाप तोंड उघडतो, मिशा हलतात, शब्द काही फुटत नाही. पोर पाण्यात शिरते. पाणी तिच्या पाठीवरून जातं. तिथे भावाने बटण दाबलं.

मला आतल्या आत हुश्श झालं. म्हटलं, चला, तात्पर्यरावांनी शेवटी स्वतःचंच चित्र शोधून काढलं. ते मुकं पाणमांजर म्हणजे हाच की. पोरीने आता एवढंच म्हणायचं की बाबाला तिने राहावं असं वाटतंय, आणि याने मान डोलवायची. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार, पण असू दे, ज्याला जसं जमेल तसं.

"तर बिट्टी," तो म्हणाला, "यातून आपण काय शिकलो?"

तेवढ्यात दूध वर आलं. मी धावले. मागून मला एवढंच ऐकू आलं, बिट्टीचा बारीक आवाज, मग "अगदी बरोबर," आणि टाळ्या. मी गॅस बंद केला. ओटा पुसला. आणि बऱ्याच महिन्यांनी मला जरा भूक लागल्यासारखं वाटलं.

बाहेर आले तर तो पडदे उघडत होता. खोलीत बिट्टी नव्हती. "झालं?" मी विचारलं.

"झालं. जातेय ती."

"म्हणजे? काय म्हणाली?"

"म्हणाली, ज्याला जायचंय त्याला जाऊ द्यावं."

"आणि तू अगदी बरोबर म्हणालास?"

"मग काय म्हणणार? मी विचारलं, तिने उत्तर दिलं."

मी काय काय बोलले ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. उंटावरचा शहाणा म्हणाले, लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणाले, वडिलांचाही उद्धार केला. तो खुर्च्या जागेवर लावत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तिला चूक म्हटलं असतं तर ती परत माझ्याशी बोलली नसती, ताई." हे तो अगदी शांतपणे म्हणाला. मी आत गेले. बिट्टी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती, आईने शिकवलेल्या, बाह्या आत दुमडून.

"तुला खरंच जायचंय का?" मी विचारलं.

"बाबा अगदी बरोबर म्हणाला."

"बाबा काहीही म्हणतो. मी सांगते ना, तू राहा."

"तू नाही, आत्या," ती म्हणाली आणि पुढची घडी घातली.

मावशी गाडी घेऊन आली तेव्हा भाऊ खाली आला, बॅग मागे ठेवली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "मजेत राहा. रोज फोन करू." आणि वर निघून गेला. काहीतरी काम होतं म्हणे. मी तिच्या सीटचा पट्टा लावत होते. मावशी पलीकडून बसत होती. बिट्टीने मला हळूच विचारलं, "आत्या, बाबाला माहितेय ना, ती परत येते?"

"कोण परत येते?"

"पाणमांजराची पोर. ती थोडी पुढे जाते आणि वळते. आईने आणि मी पुष्कळदा बघितलंय."

"मग तू तसं का नाही सांगितलंस?"

"मी मुद्दाम चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तो म्हणेल की चूक, ती परत येते." तिने वर आमच्या खिडकीकडे बघितलं. "त्याला माहीत असेल ना?"

मला तरी कुठे माहीत होतं? मी म्हटलं, "थांब हं जरा, थांब," आणि जिन्याकडे धावले. माझे गुडघे ते, धावणं म्हणजे काय धावणं. वर पोचले, धापा टाकत त्याला सांगितलं. तो टेबलाशी बसून उद्याच्या हॉलचा नकाशा बघत होता. म्हणाला, "परत येते? मी तिथपर्यंत बघितलं नव्हतं. मला तो काठावरचा तुकडा हवा होता."

"मग ऊठ. चल खाली."

तो उठला. पण बूट शोधायला लागला. पायातच होते. तोपर्यंत खाली गाडीचा आवाज झाला, आणि मी खिडकीतून बघितलं तर गाडी कोपऱ्यावर वळत होती. मावशीला बिचारीला काय ठाऊक? बिट्टीने तिला थांब म्हटलं नसणार. मी भावाला म्हटलं, "फोन कर." तो म्हणाला, "गाडी चालवतेय ती. पोचल्यावर करू." पोचल्यावर केला. बिट्टी म्हणाली, छान आहे. तो म्हणाला, छान. एवढंच.

मग रोज असंच. "जेवलीस?" "जेवले." "मजा?" "मजा." फोन ठेवला की तो खुर्चीत बसायचा, मी मशीनवर. मी बोलायचं सोडून दिलं. कुणाशी भांडायचं तर समोर माणूस लागतो, रिकाम्या खुर्चीशी कसं भांडणार? सुट्टी संपली. मावशीचा फोन आला की पोर रमलीय, शाळेत नाव घालू का. भाऊ म्हणाला, तिला विचारा. तिला विचारलं. ती म्हणाली, चालेल. मी तिचे उरलेले कपडे पाठवले, सगळ्यांची शिवण सोडून, थोडी जास्तच सोडून.

त्यानंतर एका दुपारी मी दुकानातून लवकर आले. दार उघडं, पडदे ओढलेले, टीव्ही चालू. कामाचा दिवस, आणि हा घरी, टीव्हीसमोर ओढलेल्या खुर्चीत. पाणमांजराचा सिनेमा लागला होता. मला वाटलं, तुकडा कापतोय. पण रिमोट त्याच्या हातात नव्हता, टेबलावर होता. मी मागे उभी राहिले. पोर पाण्यात शिरली, पाणी पाठीवरून गेलं, सिनेमा पुढे चालू राहिला. ती वळली. काठावर आली. मग बराच वेळ त्या सिनेमात काही म्हणजे काही घडलंच नाही. बाप आणि पोर शेजारी बसून मासे खात होते, अंग झटकत होते, ऊन खात होते. नावं वर सरकायला लागली, कुणी रंग भरले, कुणी आवाज दिले. तो बसूनच. पडदा काळा झाला.

"ताई," तो म्हणाला, "यातलं शेवटचं कशालाच वापरता येणार नाही."

"नाही ना?"

"नुसते मासे खातात."

"हो रे."

त्याने उठून टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "मावशीच्या गावाला सकाळची बस असते ना?"

आम्ही सकाळच्या बसने गेलो. रस्ताभर तो खिडकीतून बघत होता आणि ओठांत काहीतरी जुळवत होता. मी विचारलं नाही. मला भीती होती की विचारलं तर तो त्याला आकार देईल, मधे थांबेल, हात चोळेल. मावशीकडे पोचलो तेव्हा शाळा सुटायची वेळ झाली होती. इमारतीच्या दाराशीच थांबलो. बिट्टी आली, तिच्याबरोबर मावशीची मुलं आणि आणखी एक जाड वेणीची मुलगी. आम्हाला बघून बिट्टी थांबली, बाकीची पुढे जाऊन जिन्यावर बसली. गणवेश नवा होता, खांद्यात नीट बसत नव्हता. मी मनात म्हटलं, आतून घ्यायला हवा.

भाऊ तिच्यासमोर उकिडवा बसला. त्या चांगल्या बुटांनी नीट बसताही येईना.

"बिट्टी," तो म्हणाला, "तुझं उत्तर चूक होतं."

"माहितेय मला."

"मी शेवट बघितला काल. पूर्ण."

तिने दप्तराचा पट्टा खांद्यावर ओढला.

"मला तू घरी हवी आहेस," तो म्हणाला. "यातून काही शिकायचं वगैरे नाही. नुसती हवी आहेस. तू गेल्यापासून मला घरात बसवत नाही. चल घरी."

झालं. बोलला. माझ्या भावाला मी जन्मापासून ओळखते, इतकं सरळ तो कधीच बोललेला नव्हता, ना बायकोशी, ना आईशी. मला वाटलं, आता पोर त्याच्या गळ्यात पडेल. सिनेमात पडली असती.

बिट्टी त्याच्याकडे बघत राहिली, आईसारखी, डोळ्यांत रोखून. मग म्हणाली, "हे तेव्हा सांगायचं ना, बाबा."

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर आम्ही काहीतरी केलं असतं.

"तेव्हा नाही सांगता आलं मला," तो म्हणाला.

"आता माझी शाळा सुरू झालीय." तिने जिन्यावरच्या वेणीवालीकडे बघितलं. "मी तिच्या बाकावर बसते. मी गेले तर ती एकटी पडेल. तिला मी सांगितलंय, मी राहणार म्हणून."

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला, आणि लगेच मान हलवली. "नाही. मला नको आहे हे. तू यावंस असंच मला वाटतंय. पण तू तिला शब्द दिलायस."

"सुट्टीत येईन मी."

"ये."

"पूर्ण सुट्टीभर."

"ये, बाळा."

तिने त्याच्या गालाला हात लावला, घाईघाईने, मोठी माणसं लहानांना लावतात तसा. आणि जिन्याकडे गेली. मावशीने वर बोलावून चहा दिला, ती डोळे पुसत होती, पुन्हा पुन्हा म्हणत होती, भावोजी, हवं तर मी समजावते तिला. भाऊ म्हणाला, नको, ती बरोबर आहे. या वेळी त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही चहा घेतला आणि दुपारच्या परतीच्या बसमध्ये बसलो.

बस गावाबाहेर पडली आणि त्याच्या छातीतून एक आवाज आला. आधी मला वाटलं, ठसका लागला. मग त्याने पुढच्या सीटच्या दांड्यावर कपाळ टेकलं आणि रडायला लागला. तोंडाने, नाकाने, खांद्यांनी, लाज सोडून. त्याच्या तोंडात मुलीचं नाव नव्हतं, बायकोचं होतं. तेच तेच नाव. तिला हाक मारत होता, पुढचं बघतो गं, आता बघतो, म्हणत होता. बसमधले लोक वळून बघायला लागले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बघणाऱ्यांकडे असं बघितलं की बऱ्याच जणांनी माना वळवल्या.

पलीकडच्या सीटवर एक वयस्क बाई होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. त्या काही मान वळवेनात. वाकून हलक्या आवाजात मला विचारलं, "काय झालं हो त्यांना?"

"बायको गेली त्याची," मी म्हटलं.

"अगं बाई. कधी?"

तो अजून हाका मारत होता. माझ्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"आज," मी म्हटलं.

त्या बाईंनी पिशवीतून आपली पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडून माझ्या हातात दिली.